पालथी टिकली

“ड्रेपरीचे कपडे ना, आधी कुणाच्या अंगावर होते ते विचारायचंच नाही. विचारलं की खाज सुटते,” तन्वी मैत्रिणीच्या कानात म्हणाली. हळू बोलायची सवयच नसल्यामुळे ते अख्ख्या सातवी ‘ब’ला ऐकू गेलं. गॅदरिंगपुरती सातवी ‘ब’ आमची ग्रीनरूम झाली होती. ड्रेपरीवाली बाई तेव्हा तन्वीच्याच पायाशी गुडघे टेकून मोराच्या पिसाऱ्याचा पट्टा तिच्या कमरेला बांधत होती. बाईच्या ओठांत सेफ्टी पिना होत्या. तिने मान वर केली नाही, फक्त पट्टा आणखी एका भोकावर नेला. तन्वी “आऊच” म्हणाली. “मोर झाल्यावर माणसानं बोलू नये बेटा,” बाई पिनांच्या फटीतून म्हणाली, “पोट सुटतं.”

मग ती माझ्याकडे वळली. मोराच्या नाचात मागच्या रांगेत ढग लागतात, त्यातला मी एक ढग होते. राखाडी सॅटिनचा झगा, चमकायची कुठलीही जबाबदारी नाही. मला ती भूमिका मनापासून आवडली होती. बाईने झगा माझ्या खांद्यावर ओढून पाहिला आणि सगळ्यांदेखत विचारलं, “नाव काय गं तुझं?” मी म्हणाले, “ईशा.” “घरी जेवत नाहीस वाटतं? आई काही करून घालत नाही का?” मुली हसल्या. मी खाली मान घालून म्हणाले, “घालते. पण या दिवसांत नुसती खिचडीच असते.” बाईचे खांदे हलले. तोंडातल्या पिना सांभाळत तिने माझ्या खांद्याला एक पिन लावली, आणि पिन लावता लावता एक छोटासा चिमटाही काढला.

ती बाई माझी आई होती. आणि शाळेत हे कुणालाही माहीत नव्हतं.

यात लाजण्याचा भाग नव्हता, हे आधी सांगून टाकते, कारण ही गोष्ट ऐकली की लोक हळूच सहानुभूतीचा चेहरा करतात. हा धंद्याचा नियम होता आणि तो आईनेच केला होता. आमची ड्रेपरी म्हणजे गॅदरिंगला, नाटकाला, मिरवणुकीला कपडे भाड्याने द्यायचा व्यवसाय. कोळी, वासुदेव, जिजाऊ, परी, झाड, गाजर, जे लागेल ते. मी लहान असताना घराजवळच्या शाळेत जायचे आणि तिथे सगळे आईला ओळखायचे. “ईशाची आई ना? मग काय, घरचंच आहे!” असं म्हणून निम्मे कपडे फुकट जायचे. एका बाईंनी तर जिजाऊंचा शालू नणंदेच्या लग्नात नेसायला नेला आणि तो हळद लागून परत आला. त्यानंतर काही महिने आमच्याकडच्या जिजाऊ हळदीच्या डागासकट स्वराज्याची शपथ घेत होत्या. मला गंगापूर रोडच्या इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा आईने एकच अट घातली. “तिथं मी तुझी कोणी नाही. ओळख निघाली की डिस्काउंट निघतो.” पालकसभेला बाबा जायचे. स्कूल बस आमच्या गल्लीत यायची नाही, जेल रोडच्या कोपऱ्यावरच वळायची. आई आपली ट्रंक घेऊन शाळेत यायची आणि मला “ए मुली” म्हणायची. मी तिला “काकू, हे हुक तुटलंय” म्हणायचे. मी मुळात कमी बोलणारी. ज्यांना बोलायचं नसतं त्यांना गुपित मिळालं की न बोलायला एक दर्जा येतो.

घरी मात्र मी बडबडी होते, हे शाळेत कुणाला खरं वाटलं नसतं. घर म्हणजे तीन खोल्या, त्यातली पुढची ड्रेपरीची. तिथे भिंतभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर राजे, राक्षस, पोलीस, भाज्या. दाराशी वाघाचं मुंडकं टांगलेलं असायचं. नवीन दूधवाला आला की आई मुद्दाम दार अर्धंच उघडायची. दुपारी शिलाई मशीन थांबलं की टिकल्यांच्या पुड्यांची सळसळ ऐकू यायची आणि त्यात शमीमखालाच्या आरीच्या सुईची बारीक टकटक. शमीमखाला जुन्या नाशकातून शेअर रिक्षाने यायची, बारीक भरतकाम तीच करायची. आईचं माहेर देवळ्याकडचं, त्यामुळे कामाची घाई नसली की कळण्याची भाकरी आणि ठेचा. घाई असली की खिचडी. दिवाळीनंतर सगळी घाईच. टिकल्या तर सगळीकडे असायच्या. वरणात, साबणावर, देवाच्या तबकात, माझ्या भूगोलाच्या वहीत बंगालच्या उपसागरावर. बाबा नाशिकरोडला नोटा छापतात त्या प्रेसमध्ये होते. तिथे जाता-येता गेटवर झडती. एकदा त्यांच्या डब्यातल्या पोळीला चिकटलेली सोनेरी टिकली सुरक्षारक्षकाने चिमटीत धरून उजेडात नेली. “हे काय?” “बायकोचं.” “का? बायको काय छापते?” ही गोष्ट बाबा इतक्या अभिमानाने सांगायचे, की जणू आईला बढती मिळाली होती.

या चकचकीत चकतीला काय म्हणायचं, यावर पुढच्या खोलीत कायमचं भांडण होतं. आई म्हणायची टिकली. शमीमखाला म्हणायची सितारा. “माथे की टिकली तुम कपडे पे लगाओगे, तो माथे पे क्या लगाओगे ताई, बटन?” यावर आई, “आणि सितारा तर आकाशात असतो. मग मी तो बाजारातून पाव किलो कसा आणते?” बाजारातला दुकानदार दोघींनाही जुमानत नसे. तो चमकी म्हणायचा आणि वजनावर द्यायचा. आणि मी शाळेतून येऊन “सीक्विन” म्हणाले की दोघी एक व्हायच्या. “आली बघ विलायतेची!”

खरं तर तो विलायतेचाही नव्हता, हे मला नववीत कळलं. आमच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थनेनंतर एकीने माइकवर येऊन ‘आजचा शब्द’ सांगायचा असे. शब्द, अर्थ, तो कुठून आला. आमच्या इंग्रजीच्या लोबो मिस शब्द वाटून द्यायच्या. गॅदरिंग जवळ आलं होतं, मुलींच्या तोंडी कपड्यांशिवाय काही नव्हतं, म्हणून मिसनी मला दिला सीक्विन. मी वाचनालयातला जाडा शब्दकोश मांडीवर घेऊन बसले आणि हरखून गेले. अरबीत ‘सिक्का’ म्हणजे नाणं पाडायचा ठसा. तो शब्द समुद्रावरून व्हेनिसला गेला. तिथे टांकसाळीचं नाव त्यावरून पडलं आणि त्या टांकसाळीतल्या सोन्याच्या नाण्याचं नावही. पूर्वेकडच्या कितीतरी देशांत बायका नाणी डोक्याच्या रुमालाला, कपड्यांना शिवून मिरवायच्या. पुढे नाणं चलनातून गेलं, नाव उरलं. मग कपड्यावर लावायची कुठलीही चकचकीत चकती सीक्विन झाली. मी सगळं पाठ केलं, आरशासमोर म्हटलं, वाघाच्या मुंडक्यासमोरही म्हटलं.

माइकसमोर मी “गुड मॉर्निंग” म्हणाले आणि पुढे काहीच आलं नाही. अरबस्तान, व्हेनिस, सगळं घशापर्यंत आलं आणि तिथेच बसलं. मैदानाच्या कुंपणावर एक कावळा तेवढा बोलत होता. लोबो मिस बाजूने हळूच म्हणाल्या, “सीक्विन.” मी मान हलवली. “अँड द मीनिंग?” तेवढ्यात रांगेतून तन्वी ओरडली, “चमकी, मिस!” सगळी शाळा हसली आणि प्रार्थना संपली. मिसनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नेक्स्ट टाइम, हं.” आजही एखादी मीटिंग सुरू होण्याआधी माइकची ती खरखर ऐकली की मला आधी कावळा आठवतो.

घरी त्याच संध्याकाळी मी खिचडीच्या ताटावर ते सगळं भाषण न अडखळता केलं. आई हातातला घास तसाच धरून ऐकत होती. “म्हणजे बायका पैसे अंगावर शिवून हिंडायच्या? मग एखादा कमी झाला तर नवऱ्याला कळत नसेल?” शमीमखाला जायला निघाली होती, ती चप्पल घालता घालता म्हणाली, “इसीलिए तो सितारे बोलते, ताई. गिनने कोई नहीं बैठता.” बाबांनी मात्र हात धुऊन थेट कपाटावरचा आपला जुना मराठी शब्दकोश काढला. टिकली सापडली. ती टिळ्याच्या घरातली, कपाळावरून पदरावर उतरलेली. सितारा फारसी, तारा. चमकीला बिचारीला कूळ विचारायची गरजच नव्हती. मग पानं उलटता उलटता बाबा एकदम थांबले. पुतळी. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं ते सोन्याचं नाणं, त्यावर माणसांच्या आकृत्या होत्या म्हणून पुतळी. आई उठली आणि जिजाऊंच्या डब्यातली पितळी पुतळ्यांची माळ घेऊन आली. ती ताटाशेजारी ठेवून म्हणाली, “बघ. तुझी सीक्विन इथं डब्यात पडून होती, आणि तू शोधायला शाळेत गेलीस.”

बाबांचं डोकं मात्र वेगळीकडेच चाललं होतं. प्रेसमध्ये काय चालतं याबद्दल ते घरी एक अक्षर बोलायचे नाहीत. कॅन्टीनमध्ये भाजी कोणती होती हेही आम्हाला कष्टाने कळायचं. पण खूण या विषयाची त्यांना हौस होती. “नाणं कुणीही पाडेल गं,” ते म्हणाले. “शिक्का महत्त्वाचा. खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते शिक्का सांगतो. आपल्या कपड्यांना आहे का शिक्का?”

होता, पण कसला. आई कॉलरच्या आत मार्करने एक अक्षर लिहायची आणि ते धुण्यागणिक पुसट व्हायचं. आणि पंचवटीत अण्णांची ड्रेपरी होती. अण्णा म्हणजे पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या, आणि प्रत्येक वाक्यात “ताई”. गॅदरिंगमध्ये दोन ड्रेपऱ्या आल्या की इकडचे कपडे तिकडे व्हायचेच, पण अण्णा असले की ते तिकडेच जास्त व्हायचे. आदल्या वर्षी आमचे दोन मावळे गेले ते गेलेच. अण्णा म्हणाले, “ताई, गडावर असतील.”

बाबांनी पुडीतून एक टिकली काढली. आमच्या चांगल्या टिकल्या चपट्या नसायच्या, छोट्या वाटीसारख्या खोलगट असायच्या. वाटी वर ठेवून शिवली की उजेड आत साठतो आणि कड बोटाला किंचित खरखरते. बाबांनी ती पालथी घातली. “हजारात एक अशी. डोळ्याला दिसणार नाही. बोटाला कळेल.” आईने बोट फिरवून पाहिलं आणि फार वर्षांनी बाबांकडे कौतुकाने बघितलं. त्या आठवड्यात आम्ही सगळ्या कपड्यांच्या कॉलरला आतून एक-एक पालथी टिकली शिवली. राक्षसाला, पोलिसाला, गाजरालासुद्धा.

मोर सोडून. मोराची गोष्ट वेगळी होती. तो आई आणि शमीमखालाने सबंध पावसाळा बसून केला होता. निळ्याला हिरवा कुठे मिळावा यावर दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा वाटीटिकल्यांचा. त्या मोराचा फोटो बघून विंचूर, नांदगाव, कुठून कुठून फोन आले. सगळा हंगाम त्याच्या पिसाऱ्यावर उभा होता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देवळ्याला आईच्या स्वतःच्या शाळेने तो मागितला होता. आमच्या गॅदरिंगच्या दुसऱ्याच सकाळी. त्या शाळेत आईला नाचात कधी घेतलं नव्हतं. “आता माझा मोर नाचंल तिथं,” ती म्हणायची. एवढ्या मौल्यवान वस्तूची खूण इतर कपड्यांसारखी कॉलरला ठेवणं बाबांना पटेना. त्यांनी मला बाजूला घेतलं. “मोराची खूण तू कर. वेगळ्या जागी. मला सांग, आईला नको. ती भांडताना सगळं बोलून टाकते.” असा निर्णय जगात दुसऱ्या कुठल्या ड्रेपरीने घेतला नसता. जिचा मोर, तिलाच खूण माहीत नाही. पण बाबांच्या मते गुपित जितक्या कमी लोकांत तितकं पक्कं, आणि मला तर गुपितं सांभाळायचा अनुभव होता. आईला एवढंच माहीत होतं की मोरालाही शिक्का मारून झालाय. कुठे, हे तिने विचारलं नाही. तिने कॉलरच धरली असणार.

नाच छान झाला. तन्वी खरंच सुंदर नाचली, हे मी मागून, ढगांतून पाहिलं. दिवे पिसाऱ्यावर पडले तेव्हा मांडवातून “ओहो” असा आवाज आला. मी पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, तर ती मोराकडे नाही, लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. आम्ही सातवी ‘ब’मध्ये परतलो आणि तिथेच सगळं बिघडलं.

आठवीच्या वर्गांचे कपडे अण्णांचे होते. त्यांच्या ‘जंगल’ नाचातही एक मोर होता. त्या मोराला एका माकडाने मिठी मारली होती आणि आता तो कोपऱ्यात मान मोडून पडला होता. अण्णांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, तन्वीच्या अंगावरच्या मोराकडे एकदा पाहिलं, आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, “ताई, तुमचा मोर पडलाय बघा तिकडे. हा आमचा, ट्रंका उघडताना अदलाबदल झाली. द्या सोडून पट्टा.” आईला आधी गंमतच वाटली. मग अण्णांनी पंख धरला. आईने पिसारा धरला. मध्ये तन्वी. “काकू, प्लीज, मला वॉशरूमला जायचंय,” ती म्हणाली, पण पट्ट्याचं बक्कल पाठीमागे होतं आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला तिथे हात लावू देईना.

गलका ऐकून प्रिन्सिपल सर आले, लोबो मिस आल्या, मागोमाग कपडे शोधायला आलेल्या पाच-सहा मुलींच्या आया. अण्णांनी हात जोडले. हा मोर त्यांनी मुंबईहून आणला होता, किती हौसेने आणला होता, आणि ताई चांगल्या आहेत, पण गर्दीत कुणाचीही नजर फिरते, त्यांचा राग नाही. ते इतकं गोड बोलत होते की मलाही क्षणभर वाटलं, असेल बाई त्यांचा. आई म्हणाली, “माझ्या कपड्याला खूण आहे. कॉलरला. आतून.” तिने तन्वीची मान वाकवून कॉलर उलटी केली आणि बोट फिरवलं. परत फिरवलं. दुसऱ्या बाजूने फिरवलं. तिचा चेहरा कसा बदलला ते मी पाहिलं. तिने बाबांना फोन लावला. बाबांची दुसरी पाळी होती, आणि पाळीवर असताना त्यांचा फोन गेटवरच्या कपाटात कुलपात असतो. तिथे तो वाजला असेल, वाघाच्या डरकाळीची रिंगटोन होती, पण ऐकायला कोणी नव्हतं.

“हाऊ मोर मना शे!” आई एकदम ओरडली. चिडली की ती थेट देवळ्याला, अहिराणीत जाऊन पोहोचायची. “काय म्हणतायत या?” प्रिन्सिपल सरांनी मिसना विचारलं. मिसना काहीच कळलं नव्हतं. मागच्या आयांपैकी एक दुसरीला म्हणाली, “अशांचं काही सांगता येत नाही गं.” सर घड्याळ बघून म्हणाले, “हे बघा, मोर शाळेच्या ऑफिसात राहील. सोमवारी दोघांनी बिलं घेऊन या.” अण्णा लगेच “चालेल, चालेल” म्हणाले. त्यांच्याकडे कसलंही बिल मिळालं असतं. आमच्याकडे पाव किलोच्या पुड्या आणि एक पावसाळा होता. आणि देवळ्याची गाडी सकाळी निघणार होती.

आईने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. मला वाटलं, आता ती म्हणणार, ईशा, सांग. ती म्हणाली, “ए मुली, जरा पाणी आण गं.”

मी बाहेर गेले. कूलरचा नळ सोडला, बाटली भरू लागले, आणि मला कळलं की तिला तहान लागलेली नाही. खूण कुणी शिवली असणार हे तिच्या लक्षात आलं होतं. ती मला तिथून बाहेर काढत होती, म्हणजे मला चारचौघांत तोंड उघडावं लागू नये. तिला माइकचा प्रसंग माहीत होता, मीच तिला कावळ्यासकट तो करून दाखवला होता. हातातला मोर जात असतानाही ती नियम पाळत होती. मी बाटलीतलं सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि रिकामी बाटली घेऊन परत आले.

“पालथी आहे,” मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले. तन्वी शेजारीच होती आणि तिचा स्वभाव मी सांगितलाच आहे. “मिस!” ती ओरडली. “ढग काहीतरी म्हणतोय!”

सगळे वळले. घशात पुन्हा अरबस्तान आलं. मी कुणाकडेच न बघता तन्वीच्या पिसाऱ्याशी बोलले. “अगदी खालचं पीस. जमिनीला घासतं ते. त्यातल्या डोळ्याच्या काठावर एक टिकली पालथी आहे. दिसणार नाही. डोळे मिटून बोट फिरवा.” सर खाली वाकू लागले, मग तो पिसारा नववीतल्या मुलीच्या पाठीमागे आहे हे लक्षात येऊन एकदम सरळ झाले. लोबो मिसनी साडी सावरली, गुडघ्यावर बसल्या आणि खरोखरच डोळे मिटले. त्यांचं बोट काठावरून सरकत गेलं. खर्र, खर्र, खर्र, आणि थांबलं. “ओह,” त्या म्हणाल्या.

“एक टिकली उलटी शिवली गेली, त्यात काय?” अण्णा हसले. “घाईत होतं असं.”

“घाईत नाही,” मी म्हणाले, आणि ढगाची कॉलर उलटी केली. “इथे पण आहे. कोळणीच्या कॉलरला आहे. त्या गाजराच्या पण.” मुली आपापल्या कॉलरी चाचपू लागल्या. “मला सापडली!” “माझी पण!” असा खोलीभर कल्लोळ झाला. मग माझं मलाच थांबता येईना. मी मिसना म्हणाले की हा शिक्का आहे, आणि सीक्विन शब्दाचं मूळही तेच, ‘सिक्का’, ठसा, मग व्हेनिसची टांकसाळ, मग सोन्याचं नाणं, मग बायकांच्या रुमालावरची नाणी, आणि आपल्याकडची पुतळीसुद्धा. माइकवर राहिलेलं सगळं भाषण मी ढगाच्या वेषात, रिकामी बाटली हातात धरून केलं. “कुणीतरी हिला थांबवा,” तन्वी रडकुंडीला येऊन म्हणाली, “मला खरंच जायचंय!” अण्णांनी पंख सोडला. कोपऱ्यातला मोडका मोर काखेत मारून ते म्हणाले, “होतं ताई गर्दीत,” आणि दाराकडे निघाले. आईने पट्टा सोडला, तन्वी धावत सुटली, आणि मोर आईच्या मांडीवर आला.

आमच्या दुकानात तो अजून आहे. पिसं दोनदा बदलली, पण खालचं ते एक पीस आई बदलू देत नाही. आता तिला चष्म्याशिवाय सुई ओवता येत नाही, पण गिऱ्हाईक आलं की ती त्याला डोळे मिटायला लावते. देवळ्याच्या शाळेत तो दुसऱ्या दिवशी दोनदा नाचला, वन्स मोअर मिळाला म्हणून.

पण तेव्हा, सातवी ‘ब’मध्ये, सगळे माझ्याकडेच बघत होते. लोबो मिस उठल्या, गुडघे झटकले आणि कुतूहलाने म्हणाल्या, “व्हेरी गुड, ईशा. पण तुला हे सगळं कसं माहीत?” आईने मोरावरून मान वर केली. तिने डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं, तेच ते धंद्याचं ‘नको’. मागे त्या पाच-सहा आया कान देऊन उभ्या होत्या. पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगचे हिशेब त्यांच्या चेहऱ्यांवर आत्ताच सुरू झालेले मला दिसत होते. मी एक श्वास घेतला.

“ती माझी आई आहे,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आणि डिस्काउंट मिळणार नाही.”